पारपटल पातळ असेल तर आतला चेतातंतूंचा थरही पातळ असतो का?

प्रश्न विचारणाऱ्या बाई ३८ वर्षांच्या आहेत. आईला काचबिंदू, म्हणजे दृष्टीच्या नसेचे तंतू बहुधा डोळ्यातील दाबामुळे झिजत जाण्याचा आजार, आहे म्हणून त्यांनी स्वतःचे डोळे तपासून घेतले. डोळ्यातील दाब उजवीकडे १४ आणि डावीकडे १५ मिमी पारा, चष्म्याचा नंबर दोन्हीकडे उणे साडेचार, डोळ्याची लांबी सुमारे २५.३ मिमी, पारपटलाची म्हणजे कॉर्नियाची मध्यभागी जाडी ५०२ आणि ५०५ मायक्रॉन, आणि ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या आतील थरांचे छेदचित्र घेणाऱ्या तपासणीत, दृष्टिपटलातील चेतातंतूंच्या थराची, ज्याला आम्ही आरएनएफएल म्हणतो त्याची, सरासरी जाडी ८८ आणि ९० मायक्रॉन. दृष्टिक्षेत्राची तपासणी निर्दोष आली. पॅकिमेट्रीच्या, म्हणजे पारपटलाची जाडी मोजण्याच्या तपासणीच्या, कागदावर ‘पातळ’ असा शेरा आहे आणि ओसीटीच्या कागदावर नाकाच्या बाजूला वर आणि खाली पिवळा रंग उमटला आहे. पारपटल मुळातच पातळ असेल तर आतला थरही त्याच प्रमाणात पातळ असणार का, आणि तसे असेल तर ८८ हा आकडा आपल्यापुरता स्वाभाविक मानायचा, की दोन्ही आकडे मिळून काचबिंदूची सुरुवात दाखवतात, असे त्यांनी विचारले आहे.

निरोगी डोळ्यात या दोन आकड्यांचा एकमेकांशी उपयोगी पडेल असा संबंध नाही. पारपटलाची जाडी पाहून आरएनएफएलचा अंदाज बांधता येत नाही आणि आरएनएफएल पाहून पारपटलाचाही नाही. म्हणून तुमच्या ८८ चे स्पष्टीकरण ५०२ मध्ये शोधू नये. ते दुसरीकडे आहे आणि त्याकडे मी पुढे येतोच. मात्र हे दोन आकडे एकत्र वाचण्याची सवय डॉक्टरांनाही आहे, आणि ती का लागली हे समजून घेण्यासारखे आहे.

पारपटलाची मध्यभागातील जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. तिचा सुमारे ९० टक्के भाग स्ट्रोमा, म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे एकावर एक रचलेले थर. त्यातील पाण्याचे प्रमाण आतल्या बाजूच्या एंडोथेलियमच्या पेशी सतत आटोक्यात ठेवतात, म्हणून पारपटल पारदर्शकही राहते आणि त्याची जाडीही स्थिर राहते. आरएनएफएलचा प्रकार पूर्णपणे वेगळा. दृष्टिपटलातील गँग्लिऑन पेशींपासून निघालेले दहा ते बारा लाख तंतू दृष्टीच्या नसेच्या मुखाकडे, म्हणजे ऑप्टिक डिस्ककडे, जाताना जो थर तयार होतो तो हा. डिस्कभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कल्पून ओसीटी त्या वर्तुळावर थराची जाडी मोजते. वरच्या आणि खालच्या बाजूला तंतू दाटीने येत असल्यामुळे तिथे थर जाड, नाकाकडे आणि कानशिलाकडे पातळ, त्यामुळे आलेखाला दोन उंचवटे दिसतात. स्ट्रोमा आणि एंडोथेलियम गर्भावस्थेत न्यूरल क्रेस्टच्या पेशींपासून घडतात, तर दृष्टिपटल मेंदूतूनच पुढे आलेल्या ऑप्टिक कपपासून. एकाची जाडी कोलॅजन आणि पाणी ठरवते, तर दुसऱ्याची मुख्यतः जिवंत तंतूंची संख्या. त्या दोघांनी हातात हात घालून चालावे असे कोणतेही कारण मुळात दिसत नाही.

तरी संशय आला तो २००२ साली. अमेरिकेतील ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’ या मोठ्या चाचणीत दाब वाढलेल्या, पण नसेला इजा न झालेल्या १,६३६ व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. त्यात ज्यांचे पारपटल ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ होते त्यांना काचबिंदू होण्याचा धोका, ५८८ मायक्रॉनपेक्षा जाड पारपटल असणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळला. या निष्कर्षाने पॅकिमेट्री काचबिंदूच्या प्रत्येक तपासणीत आली. याचा काही उलगडा दाब मोजण्याच्या पद्धतीत आहे. गोल्डमन यांच्या टोनोमीटरमध्ये पारपटलाचे ३.०६ मिमी व्यासाचे वर्तुळ सपाट करण्यासाठी किती जोर लागतो ते पाहिले जाते, आणि हे गणित अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे पारपटल गृहीत धरून बसवलेले आहे. जाड पारपटल सपाट करायला जास्त जोर लागतो, म्हणून दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि पातळ पारपटलात तो कमी दिसतो. हा फरक नेमका किती, यावर एकमत नाही. १०० मायक्रॉनमागे सुमारे २ मिमी पाऱ्यापासून ७ मिमी पाऱ्यापर्यंतची सूत्रे प्रसिद्ध झाली आहेत. सूत्रांमध्येच एवढी तफावत असताना एखाद्या रुग्णाचा दाब ‘दुरुस्त’ करून १४ चे १६.३ असे दशांशात लिहिणे मला तरी पटत नाही. पारपटल पातळ, मध्यम की जाड एवढी नोंद निर्णयासाठी पुरते.

पण तिप्पट धोक्याचे संपूर्ण उत्तर मोजणीतील चुकीने मिळत नाही असे अनेकांना वाटले, आणि तिथून दुसरी कल्पना निघाली. पातळ पारपटल हे कदाचित डोळ्याच्या मागच्या भागातील चाळणीसारख्या जाळीच्या, म्हणजे लॅमिना क्रिब्रोसाच्या, अशक्तपणाचे बाहेर दिसणारे लक्षण असेल, आणि त्याच जाळीतून नसेचे तंतू बाहेर पडत असल्यामुळे पारपटल पातळ असणाऱ्यांत तंतूंचा थरही जन्मतः किंवा हळूहळू पातळ होत असेल, अशी ती कल्पना. ती ऐकायला पटणारी आहे. पण २००५ मध्ये योनास आणि होल्बाख यांनी मानवी नेत्रगोलांचे छेद घेऊन दोन्ही जाड्या प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा काचबिंदू नसलेल्या डोळ्यांत पारपटलाची जाडी आणि या जाळीची जाडी यांत संबंध आढळला नाही. पारपटलाच्या जाडीऐवजी त्याची धक्का शोषून घेण्याची क्षमता, म्हणजे हिस्टेरेसिस, मोजली तर काचबिंदू वाढण्याशी त्याचा संबंध अधिक स्पष्ट दिसतो हे खरे आहे, परंतु तो गुणधर्म जाडीपेक्षा वेगळा आहे.

मग आरएनएफएलचे काय? २००५ मध्येच सॅन डिएगो येथील संशोधकांनी, आणि २००६ मध्ये चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी, हाच प्रश्न दाब वाढलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तपासला. पहिल्यांनी लेझर पोलरिमेट्री, म्हणजे ध्रुवित प्रकाशाने थराची जाडी काढण्याची पद्धत, वापरली आणि दुसऱ्यांनी ओसीटी. दाब वाढलेल्या गटात पारपटल पातळ असणाऱ्यांचा आरएनएफएल तुलनेने पातळ आढळला, आणि सॅन डिएगोच्या अभ्यासात निरोगी गटात असा संबंध दिसला नाही. माझ्या मते या विषयाचे मर्म या फरकात आहे. पातळ पारपटलाच्या व्यक्तीचा दाब २४ मोजला गेला तर खरा दाब त्याहून जास्त असण्याची शक्यता असते, आणि अशा गटात काही जणांच्या तंतूंची झीज आधीच सुरू झालेली असते. म्हणजे थर पातळ दिसतो तो दाबामुळे. पारपटलाच्या जाडीने तो पातळ होत नाही, ती फक्त दाब लपवते. दाबच नसेल तर दुवाही नाही.

निरोगी डोळ्यांवरील अभ्यासांत मात्र उत्तरे एकसारखी नाहीत. बहुतेकांत संबंध आढळत नाही, काहींत अगदी क्षीण धन संबंध आढळतो, आणि असे निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात असा माझा आग्रह असतो.

पहिली गोष्ट, ‘निरोगी’ कोणाला म्हटले. बहुतेक ठिकाणी दाब २१ मिमी पाऱ्याच्या आत असणे ही अट असते. पातळ पारपटलाच्या ज्या व्यक्तीचा खरा दाब २३ आहे पण मोजणीत १९ येतो, ती निरोगी गटात शिरते, आणि जाड पारपटलाची खरोखर निरोगी व्यक्ती मोजणीत २३ आल्यामुळे बाहेर राहते. असे थोडे जरी घडले तरी पातळ पारपटलाच्या टोकाला सुरुवातीच्या काचबिंदूचे काही डोळे जमा होतात आणि आलेखावर रेषा किंचित चढती दिसते. दोन्ही जाड्यांत नाते नसतानाही गट निवडण्याच्या अटीमुळे नाते उमटते.

दुसरी गोष्ट वयाची. आरएनएफएल दर दहा वर्षांनी सुमारे २ मायक्रॉन पातळ होतो, आणि चेन्नईतील पाहणीसारख्या भारतीय अभ्यासांत वयाबरोबर पारपटलाची जाडीही थोडी उतरताना दिसली आहे. विशीपासून सत्तरीपर्यंतच्या लोकांना एका गटात ठेवले आणि वयाचा हिशेब केला नाही, तर दोन्ही आकडे एकत्र उतरताना दिसणार.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, ही यंत्राची. लेझर पोलरिमेट्रीमध्ये तंतूंच्या थरातून जाताना ध्रुवित प्रकाशात जो बदल होतो त्यावरून जाडी काढतात. परंतु पारपटलातील कोलॅजनही प्रकाशात तसाच बदल घडवते. सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक डोळ्यासाठी पारपटलाचा एकच ठरावीक हिशेब वजा केला जाई, आणि प्रत्येक डोळ्याचा वेगळा हिशेब करणारी सोय नंतर आली. जुन्या यंत्राने काढलेल्या ‘संबंधात’ पारपटलाचा वाटा मोजणीतूनच शिरलेला असू शकतो. याचा पडताळा चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लॅसिक शस्त्रक्रियेत मिळाला. सहा मिलिमीटरच्या क्षेत्रात एक डायॉप्टर नंबर उतरवण्यासाठी साधारण १२ मायक्रॉन स्ट्रोमा काढावा लागतो, म्हणजे उणे साडेचारसाठी सुमारे ५४ मायक्रॉन. एवढे पारपटल काही सेकंदांत पातळ होते, आणि जुन्या पद्धतीत फ्लॅप, म्हणजे पारपटलाचा वरचा पापुद्रा, कापताना डोळ्यातील दाब क्षणभर ६५ मिमी पाऱ्याच्या वर नेला जातो. तरीही ओसीटीवर शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा आरएनएफएल सारखाच आढळला आहे. जुन्या पोलरिमीटरवर मात्र तो बदललेला ‘दिसत’ असे. पारपटल बदलल्याने थराचे मोजमाप बदलते की थर बदलतो, या प्रश्नाचा याहून सरळ निकाल क्वचितच मिळेल.

ओसीटीमध्ये ही अडचण नाही, पण तिची म्हणून वेगळी अडचण आहे. तिला पारपटलाच्या जाडीशी कर्तव्य नसते, पारदर्शकतेशी असते. डोळे कोरडे असतील, पारपटलावर डाग असेल किंवा मोतीबिंदू पिकत असेल तर परत येणारा संकेत क्षीण होतो आणि थर खऱ्यापेक्षा पातळ मोजला जातो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका यंत्रावर संकेताची ताकद दहापैकी सहाच्या खाली असेल तर तो अहवाल बाजूला ठेवावा. अनेकदा कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालून, दोन-चार वेळा पापण्या मिटायला सांगून पुन्हा स्कॅन घेतला तरी आकडा सुधारतो.

समजा, या सर्व गोष्टी सांभाळूनही एखाद्या मोठ्या निरोगी गटात ०.१ इतका सहसंबंध गुणांक आला. गट हजारांचा असेल तर तो सांख्यिकीच्या दृष्टीने ‘अर्थपूर्ण’ ठरेल. पण ०.१ चा वर्ग ०.०१ होतो, म्हणजे माणसामाणसांत आरएनएफएलचा जो फरक आढळतो त्याच्या केवळ एक टक्क्याचा हिशेब पारपटलाच्या जाडीने लागतो. अशा संबंधावरून समोर बसलेल्या व्यक्तीबद्दल काहीच सांगता येत नाही.

आता तुमच्या ‘पातळ’ या शेऱ्याविषयी, कारण महाराष्ट्रातील वाचकांसाठी या ठिकाणी एक महत्त्वाचा संदर्भ आहे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात २००६ ते २००९ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ ही पाहणी झाली. तिशीपुढील ४,७११ लोक तिच्यात होते. मागे उल्लेख केलेले योनास यांचाही तिच्यात सहभाग होता. तेथे पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आली आणि प्रमाण विचलन ३३. चेन्नईच्या पाहणीतील सरासरीही ५११ च्या घरात आहे. अमेरिकेतील ५५५ ही रेषा या लोकसंख्येला लावली, तर साध्या गणिताने दहापैकी जवळजवळ नऊ जणांचे पारपटल ‘पातळ’ ठरेल, आणि विदर्भातील निम्म्याहून अधिक गाव काचबिंदूच्या दारात उभे आहे असे म्हणावे लागेल, जे खरे नाही. ५५५ ही रेषा दाब वाढलेल्या, प्रामुख्याने अमेरिकन लोकांसाठी होती. त्या अटी बाजूला काढून नुसता आकडा उचलला की असे शेरे तयार होतात. नागपूरच्या सरासरीशी ताडून पाहिले तर तुमचे ५०२ आणि ५०५ हे आकडे मध्याच्या जरा खाली, अगदी सामान्य माणसांच्या गर्दीत बसतात. याच पाहणीत डोळ्याची सरासरी लांबी २२.६ मिमी, म्हणजे आखूडच होती. डोळा लांबला म्हणून पारपटल ताणून पातळ झाले असा जो समज आहे, त्यालाही येथे आधार मिळत नाही.

आरएनएफएलचे मात्र डोळ्याच्या लांबीशी खरे नाते आहे, आणि तुमच्या ८८ चे बरेचसे उत्तर त्यात आहे. निरोगी डोळ्यांवरील २००७ च्या एका मोठ्या ओसीटी अभ्यासात सरासरी सुमारे १०० मायक्रॉन होती आणि लांबी एक मिलिमीटरने वाढली की थर सुमारे २.२ मायक्रॉनने कमी मोजला जात होता. याचे एक कारण प्रकाशीय आहे. लांब डोळ्यात ओसीटीचे वर्तुळ प्रत्यक्षात मोठे पडते, म्हणजे डिस्कपासून दूर पडते, आणि डिस्कपासून दूर गेले की थर स्वाभाविकपणे पातळ होतो. तुमचा डोळा २३.५ मिमीच्या सर्वसाधारण लांबीपेक्षा १.८ मिमीने लांब आहे, म्हणजे सुमारे ४ मायक्रॉनचा फरक या एका कारणानेच पडतो. ८८ ला ९२ समजा. वेगवेगळ्या यंत्रांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या असल्यामुळे यापुढचा काटेकोर हिशेब करण्यात अर्थ नाही.

पिवळा रंगही याच वाटेने आला असावा. यंत्र तुमच्या आकड्यांची तुलना स्वतःकडील निरोगी व्यक्तींच्या साठ्याशी करते. एका प्रचलित यंत्राचा साठा केवळ २८४ जणांचा आहे आणि त्यात भारतीय नगण्य आहेत. निरोगी लोकांतील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांत आलात तर पिवळा, खालच्या एका टक्क्यात आलात तर लाल, असा तो नियम. तुलना वय पाहून होते, डोळ्याची लांबी पाहून होत नाही. लघुदृष्टीच्या, म्हणजे उणे नंबरच्या, डोळ्यात वरचा आणि खालचा, असे दोन्ही जाड पट्टे कानशिलाच्या दिशेने सरकलेले असतात. त्यामुळे आलेखावरील उंचवटे जागा सोडून बसतात, आणि जिथे यंत्राला उंचवटा अपेक्षित असतो तिथे, म्हणजे नाकाच्या बाजूला वर आणि खाली, उतार सापडतो. तुमचा पिवळा रंग नेमका तिथेच आहे. काचबिंदूची सुरुवात बहुधा याच्या उलट बाजूला, कानशिलाकडच्या खालच्या आणि नंतर वरच्या भागात होते. तुमच्या अहवालात तिकडे दोन्ही डोळ्यांत उंचवटे शाबूत आहेत का, हे तुमच्या डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून दाखवावे. दोन्ही डोळ्यांच्या सरासरीत २ मायक्रॉनचा फरक आहे आणि तो काळजीचा नाही. हा फरक ९ मायक्रॉनच्या पुढे गेला असता तर मी अधिक बारकाईने पाहिले असते.

तेव्हा दिलेल्या माहितीवरून तुमच्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात दिसत नाही. आई काचबिंदूची रुग्ण असल्यामुळे तुमचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे, आणि तो या दोन्ही आकड्यांवर अवलंबून नाही. वर्षातून एकदा दाब, नसेची तपासणी आणि ओसीटी करावी. आतापर्यंत झाली नसेल तर गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्यातील कोनाची तपासणी, एकदा करून घ्यावी. आईचा काचबिंदू कोन बंद होण्याच्या प्रकारचा होता का, हेही विचारून ठेवावे. ओसीटी शक्यतो त्याच यंत्रावर व्हावी, आणि सरासरीत ४ मायक्रॉनपर्यंतची चढउतार मोजणीतलीच समजावी. पारपटलाची जाडी दरवर्षी मोजण्याची गरज नाही. एकदा नीट मोजली की पुरे. नीट म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती काढून ठेवून, झोपेतून उठल्या उठल्या नव्हे, कारण रात्रभर पापणी मिटलेली असल्याने सकाळी पारपटल किंचित सुजलेले असते, आणि अल्ट्रासाऊंडच्या प्रोबचे टोक मध्यभागी सरळ टेकवून घेतलेली मापे. टोक जरा बाजूला गेले की आकडा वाढतो.

एक गोष्ट मात्र नंबर उणे साडेचार असल्यामुळे सांगून ठेवतो. पुढेमागे लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रियेचा विचार केलात, तर आजचा दाब आणि आजचे ५०२ व ५०५ हे आकडे लिहिलेला कागद जपून ठेवा आणि यापुढच्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला दाखवा. शस्त्रक्रियेनंतर टोनोमीटरवर दाब कायमच कमी दिसेल, आणि वीस वर्षांनी तुमचा दाब १६ पाहून एखादा डॉक्टर निश्चिंत होईल, तेव्हा ते १६ पूर्वीच्या किती दाबाच्या बरोबरीचे असावेत याचा निदान अंदाज त्याच कागदावरून घेता येईल.